दाऊदभाईंच्या नावावरचं वेल्डिंग

मी दाऊदभाईंबद्दल लिहायला बसलोय खरा, पण दर दोन ओळींनी माझीच लाज मध्ये येते. तिला बाजूला सारून त्यांच्यापुरतंच लिहावं असं ठरवलं होतं, ते काही जमत नाही. तेव्हा दोन्ही मिळूनच सांगतो.

सोनईत बाजारतळाच्या मागच्या अंगाला दाऊदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. चार खांब, वर पत्रे, पाटी नाही. आत तेलावर थंड राहणारं जुनं मशीन आहे, त्याला ते ‘म्हातारी’ म्हणतात. दाऊदभाई आता साठीला आलेत. अंगानं काटकुळे, हातांच्या पाठीवर ठिणग्यांचे काळे ठिपके, बोलणं कमी. दुपारी त्यांची बायको सरवरीभाभी डबा घेऊन येते आणि डबा संपेपर्यंत समोर बसून राहते. ती उठली की हे भाकरी बाजूला ठेवून रॉड उचलतात, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. तुम्ही तुटका फाळ घेऊन गेलात की आधी चौकशी. कुठल्या रानात चालतो, दगड किती, ट्रॅक्टर कोणता. मग लोखंड हातोडीनं वाजवून बघणार. दुसऱ्या कोणी केलेल्या वेल्डिंगवर ते कधीच वेल्डिंग चढवायचे नाहीत. आधीचं सगळं घासून काढायचे, त्यात तास गेला तरी चालेल. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, “दुसऱ्याच्या चुकीवर माझं नाव नको.” एकदा शेजारच्या गावचा एक जण भंगारातली साखळी घेऊन आला, नातवासाठी झोपाळा करा म्हणाला. दाऊदभाईंनी साखळी हातात घेतली, कडी न् कडी बघितली आणि परत दिली. नवी आणा, नाहीतर झोपाळा नको. तो माणूस तणतणत गेला आणि दोन दिवसांनी नवी साखळी घेऊन आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या दुकानात काम बंद असायचं. आम्ही शेतकरी घरची अवजारं पुजून झाली की झेंडूच्या माळा घेऊन तिकडे जायचो. वर्षभर आमचे नांगर त्या मशीननं सांभाळलेले, मग तिला माळ नको? म्हातारी फुलांनी झाकून जायची. सरवरीभाभी प्रत्येकाच्या हातावर गूळखोबरं ठेवायची. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच सांगता येत नाही.

हा झाला दाऊदभाई नावाचा माणूस. आता माझं सांगतो. मी आप्पासाहेब, सोनईजवळच्याच गावचा, वय बावन्न, बारा एकर ऊस आणि कांदा, बारमाही पाण्याची विहीर. स्वभाव असा की कोणतंही काम दुसऱ्याला करताना बघितलं की हे आपल्याला त्याच्याहून बरं येईल अशी माझी खात्री होते. माझी बायको विजयमाला म्हणते, “तुमाला समदं येतं, फकस्त थांबाया येत न्हाई.” मी हे चेष्टेवारी नेत असे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात घरचंच वेल्डिंग मशीन घ्यायचं आलं. गव्हाणीचा पाइप निघाला, चला सोनईला. पेरणीयंत्राचं नळकांडं सुटलं, चला सोनईला. त्यात घराला नवं फाटक करायचं होतं. मोबाईलवर बघून बघून मी गोंधळलो, आणि शेवटी कोणतं मशीन घ्यावं हे विचारायला गेलो कुणाकडे, तर दाऊदभाईंकडेच. आपलंच गिऱ्हाईक आपल्याला विचारतंय की तुमच्याकडे येणं कसं बंद करू. दुसरा असता तर म्हणाला असता, घरी जमायचं नाही, नाद सोडा.

दाऊदभाईंनी हातातला रॉड खाली ठेवला. “सांजच्याला तुमच्यात बल्ब मिनमिनतो का?”

“मिणमिणतो की.”

“मग लई मोठं घिऊ नका. तुमच्या लायनीवर ते चालायचं न्हाई. दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर घ्या, खांद्याला लावून रानात नेता यील. आन् ज्याची दुरुस्ती नगरला हुती तेच घ्या. धा रुपयं कमी म्हनून भलतंच उचलू नका.”

पुढे मशीन आल्यावर दोन दिवस त्यांनी मला दुकानात शेजारी बसवून शिकवलं. रॉड दमट झाला तर उन्हात ठेवायचा, गंज घासल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हात थरथरला तर कोपर गुडघ्यावर टेकवायचं. आणि शेवटी म्हणाले, “फाटक करा, जाळ्या करा, गव्हान करा. पन आप्पा, ज्याच्यावर मानूस बसतो आन् ज्याच्याखाली मानूस येऊ शकतो, तसलं काम घरी करू नका. ते माझ्याकडं आना.”

मी हो म्हटलं.

फाटक झालं. एका बाजूनं बोटभर तिरकं आहे, पण येणारा-जाणारा थांबून बघायचा. पहिल्या दिवशी काच न लावता ठिणगीकडे बघितल्यानं डोळे सुजले, विजयमालानं रात्रभर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. तरी माझी हौस फिटेना. खिडक्यांच्या जाळ्या केल्या, शेजाऱ्याचं खुरपं जोडून दिलं, भावकीतल्या एकाला मशीन कोणतं घ्यावं यावर तासभर ज्ञान दिलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच.

मग गेल्या वर्षीचा जानेवारी आला. माझा ऊस तोडणीला लागला होता, टोळी फडात उतरलेली, आणि ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांडीला तडा दिसला. हुकाच्या जरा मागे, वीतभर. मी ट्रॉली तशीच दाऊदभाईंकडे नेली. त्यांनी दांडी वाजवली, तड्यावर नख फिरवलं.

“दांडी उतरवावी लागंल. तडा मुळापर्यंत घासायचा, दोन्ही अंगांनी भरायचा, खालून पट्टी टाकायची. दोन दिस ठिवा.”

“दोन दिवस टोळी बसवून ठेवू? कारखान्याची पाळी गेली तर?”

“मी काय करू त्याला?”

“वरून दोन टाके मारा हो. एवढा फड निघू द्या, मग करू निवांत.”

“टाकं कापडाला मारत्यात, आप्पा.”

एवढ्यावर मी भडकलो. चार परगावच्या गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणालो, “तुमचे नखरे तुमच्याजवळ ठेवा,” आणि ट्रॉली घेऊन घरी आलो. त्याच दिवशी सांजच्याला मी ट्रॉलीखाली बसलो. गंज धड घासला नाही. व्होल्टेज पडलेलं, मशीन मध्येच बंद पडायचं, मी पुन्हा सुरू करायचो. तड्यावर लोखंडाचा जाड थर चढवला, हातोडीचे दोन घाव घातले, निघाला नाही, झालं काम. वरून लाल रंग मारला. रंग मारल्यावर माझं वेल्डिंग आणि दाऊदभाईंचं वेल्डिंग सारखंच दिसत होतं, आणि मला ते बघून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन मी निघालो. पाटाच्या पुलाचा चढ अर्धा चढलो आणि मागे फाडकन आवाज झाला. ट्रॅक्टर एकदम हलका होऊन पुढे धावला. वळून बघतो तर ट्रॉली उतारावरून उलटी चाललेली. मागून आमच्या बांधाला बांध लागून असलेला मच्छिंद्र मोटारसायकलवर दुधाची किटली घेऊन येत होता. त्यानं गाडी टाकून उडी मारली, पण ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत कलंडली आणि उसाच्या मोळ्यांखाली त्याचा डावा पाय गेला.

मच्छिंद्र तिशीतला. घरात तो आणि त्याची आई छबूबाई. दीड एकर रान, ते आमच्या विहिरीवर भिजतं. त्या पाण्याचे पैसे आम्ही घेत नाही, आणि घेत नाही हे मी चारचौघांत बऱ्याचदा सांगत असे.

माणसं धावली, मोळ्या उपसल्या. नडगीचं हाड मोडलं होतं. तो ओरडत होता आणि मी तुटक्या दांडीजवळ उभा होतो. कोणीतरी मागून विचारलं, “वेल्डिंग तुटलंय. कुनी केल्तं हे?”

दुसरा म्हणाला, “कालच न्हेली हुती ना सोनईला. आप्पांचं समदं दाऊदकडंच असतंय. व्हय ना आप्पा?”

आणि मी मान हलवली.

एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे किती तरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो की मी खोटं बोललो नाही. आज मला त्या मानेची शरम वाटते. बावन्न वर्षांत ती कोणापुढे झुकली नाही म्हणून मिरवायचो, आणि हलली ती कुठे, तर तिथे.

ट्रॉली उचलायला कोणीतरी दाऊदभाईंनाच फोन केला होता. ते मोपेडवर आले तसे लोक त्यांच्यावर तुटून पडले. हेच का तुझं काम, पोराला जन्माचा लंगडा केलास, म्हातारा झालास तर दुकान बंद कर. कोणीतरी गचांडी धरली. दाऊदभाईंनी तो हात बाजूला केला आणि दांडीजवळ उकिडवे बसले. नखानं रंग खरवडला. आत सगळं दिसत होतं. वर जाड थर आणि खाली तडा जसाच्या तसा, गंजासकट. आपलं काम आणि दुसऱ्याचं काम त्यांना न कळायला ते काय आंधळे होते? उठले, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. एक शब्द न बोलता, लोक मच्छिंद्रला ज्या टेम्पोत चढवत होते त्यात जाऊन बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन नगरपर्यंत गेले.

मला वाटलं, माणसानं माझी अब्रू राखली. इतक्या वर्षांचा घरोबा, आपल्याबद्दल आदर, चारचौघांत कसं उघडं पाडायचं म्हणून गप्प बसले. लाज वाटायच्या जागी मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. हे लिहिताना पेन खाली ठेवावंसं वाटतं, पण लिहितो.

मच्छिंद्रच्या पायात सळई बसली. दवाखान्याचं सगळं मी बघितलं. त्यानं माझं नाव आणखी मोठं झालं. चूक दाऊदची आणि निस्तरलं आप्पांनी, असं गावभर झालं. डेअरीवर गेलो की लोक खुर्ची द्यायचे. तिकडे दाऊदभाईंकडे ट्रॉली येणं बंद झालं, मग नांगर, मग सगळंच. कोणाची तुळशीची जाळी, कोणाचं माठाचं स्टँड, एवढ्यावर आले. सरवरीभाभीला आता डब्यासमोर बसून राहावं लागत नव्हतं, जेवायला हवा तेवढा वेळ होता. मच्छिंद्रला चालताना धरायला आधार म्हणून दाऊदभाईंनी पाइपांची चौकट करून दिली, मुठींना रबर लावून. छबूबाईंनी ती दोन दिवस दाराबाहेरच ठेवली. मच्छिंद्रनं हट्ट धरला तेव्हा आत घेतली.

मी हे सगळं बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून त्याचा पाय थोडाच जुळणार आहे. पाय जुळला, मच्छिंद्र लंगडत का होईना रानात जायला लागला, तेव्हा वाटलं, आता तर विषयच संपला. सबबी काय, मागेल तेवढ्या मिळतात.

विषय संपला नव्हता हे खंडेनवमीला कळलं. मी माळ घेऊन दुकानात गेलो. म्हातारी पुसूनबिसून ठेवलेली, आणि तिच्या अंगावर तीन माळा. माझी चौथी. सरवरीभाभीच्या पुढ्यात गूळखोबऱ्याची परात होती, नेहमीएवढीच भरलेली, वर फडकं झाकलेलं. तिनं फडकं बाजूला करून माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि पुन्हा नीट झाकलं. मी ते तोंडात न टाकता मुठीत धरलं.

मी दाऊदभाईंना म्हणालो, “दाऊदभाई, माझं चुकलं. ते वेल्डिंग मी केलं होतं. मी मान हलवायला नको होती. मला माफ करा.”

ते स्टुलावर बसले होते. वर न बघता म्हणाले, “हे मला कशाला सांगता आप्पा? मला तर ठाऊकच हाय. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगा.”

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी डेअरीवर दूध घालायला निम्मं गाव असतं. मी मोजमाप करणाऱ्या सुनीलला काटा थांबवायला सांगितला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “ट्रॉलीची दांडी दाऊदभाईंनी जोडली नव्हती. मी जोडली होती, घरच्या मशीननं. ते दोन दिवस ठेवा म्हणत होते, मी ऐकलं नाही. मच्छिंद्रचा पाय माझ्यामुळं मोडला.”

सुनील म्हणाला, “आप्पा, लई मोठं मन हाय तुमचं.”

“अरे, मन कसलं? खरं सांगतोय मी!”

“व्हय, व्हय. सनासुदीचं त्या म्हाताऱ्याला सांभाळून घेताय. दुसऱ्या कुनी आसं आपल्या अंगावर घेतलं नसतं.”

मी शपथ घेतली. आवाज चढवला. पोरांची नावं घेतली. जितका चढत गेलो तितकं माझं मन त्यांना मोठं दिसायला लागलं. एकानं तर माझ्या पाया पडून घेतलं. जानेवारीत मान हलवली तेव्हा सगळ्यांना एका झटक्यात पटलं होतं, आणि आता घसा फोडून सांगत होतो तर माझ्याच थोरवीचे पोवाडे ऐकून घ्यावे लागत होते. कॅन तिथेच टाकून मी निघालो.

म्हटलं, गावाचं जाऊ द्या. ज्याचा पाय मोडला त्याला तरी पटेल. तो शिव्या देईल, एखादी ठेवूनही देईल, आणि तेच बरं होईल. मी तसाच मच्छिंद्रच्या घरी गेलो. छबूबाईंनी लगबगीनं बाज टाकली, चहाचं आधण ठेवलं. मच्छिंद्र ओसरीवर पाय लांब करून बसला होता. मी बाजेवर बसलो नाही, उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं.

मच्छिंद्रनं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही.

“ठाऊक हाय,” तो म्हणाला.

“दाऊदभाईंनी सांगितलं?”

“न्हाई. आदल्या दिशी मीच बांधावरनं बघितलं की. तुमी ट्रॉलीखाली बसून लावत हुता.”

“मग इतके महिने बोलला का नाहीस? त्या माणसाचं दुकान बसलं!”

त्यानं आईकडे बघितलं. ती चुलीपुढे पाठमोरी बसली होती, हलत नव्हती.

“बोलनार हुतो आप्पा. टेम्पोतच म्हनलो दाऊदभाईला, मी सांगतो समद्यांना. त्यो म्हनला, गप ऱ्हा. माझ्या हातात धंदा हाय, मी जगंन कसाबी. तुझं रान आप्पाच्या विहिरीवर हाय. तू तोंड उघडलंस तर त्यो मानूस पानी तोडंल.”

म्हणजे त्या दिवशी त्यांनी माझी अब्रू राखलीच नव्हती. माझ्या अब्रूचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. पंचवीस वर्षं ओळखत होते मला, आणि मोडक्या पायाचं पोर माझ्यापासून वाचवायचं म्हणून स्वतःचं नाव देऊन मोकळे झाले होते.

“मी पाणी तोडलं असतं?” मी विचारलं.

मच्छिंद्रनं मोडलेला पाय हातानं जवळ ओढला. उत्तर मला ठाऊक होतं. त्या जानेवारीत, त्या रागात, मी तोडलं असतं.

छबूबाई उठल्या. चहाचा कप माझ्यापुढे धरला. बशीत सांडलेला चहा त्यांनी पदरानं पुसला.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “पोरगं बोललं त्यो राग धरू नका. कांद्याला अजून चार पानी द्यायची हायत.”